टायरचा सोल

मॅरेथॉन सुटायला दहा मिनिटं होती. मी पिशवीतून बूट काढले तर जड लागले. तळाला चक्क टायरचा सोल!

सोबत आलेल्या अब्बांचं लातूरच्या गंजगोलाईत बूटदुरुस्तीचं दुकान आहे.

“खालचा स्पंज लई नरम होता, जेबा. आत कडक पट्टी अडकली होती, तीबी काढली.”

“त्या कार्बनच्या पट्टीवर तर जगभर विक्रम मोडून राहिलेत, अब्बा!” मी ओरडले. वर्षभर ‘नीट’ परीक्षेच्या पोरींना फिजिक्स शिकवून घेतले होते ते बूट.

“झिजले असते, बेटी. आता दहा वर्षं बघायचं काम न्हाई.”

“ते टिकायसाठी नसतातच! चार शर्यती पळायच्या अन् फेकून द्यायचे!”

दुसरे बूट नव्हते. अब्बांनी खाली बसून तेच माझ्या पायात चढवले, नाडी आवळली आणि विचारलं, “आन् पळणारीलाबी फेकून द्यायचं?”