लाल डब्यातली फुलं

भोसरीच्या एका कारखान्यात आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं तपासणी केली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, चुकला असेल तर लाल डब्यात टाकायचा. दिवाळीआधी कंपनीनं कॅमेऱ्याचं मशीन आणलं आणि ह्यांना घरी बसवलं. पत्र वाचून दाखवलं ते ह्यांच्याच हाताखाली शिकून वर गेलेल्या नवनाथनं. त्यात लिहिलं होतं, तपासणीतून उत्पादन होत नाही.

तेव्हापासून ह्यांना उत्पादन करून दाखवायचं होतं. चिंचवडच्या आमच्या घराच्या गच्चीवर बाग उभी राहिली. बाग कसली, दुसरा कारखानाच! कुंड्यांना नंबर, जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीवर फळा. झेंडूचं पान पट्ट्याबाहेर गेलं तरी ह्यांचं डोकं फिरायचं. गवारीची शेंग मापून पास झाली, तरच माझ्या कढईत यायची. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून मला रोज जेवताना अहवाल मिळे.

मे महिना अर्धा सरला. झेंडू फुलला, गवार आली, वांगी लागली. दुधी मात्र धरेना. आणि ह्यांनी तर नवनाथला रविवारी जेवायला बोलावून ठेवलेलं, गच्चीवरच्या दुधीची भाजी खायला! आपल्या हातून काहीतरी निपजतं, हे त्याच्या ताटात वाढून दाखवायचं होतं.

"आज फुलं बावीस, रिजेक्ट अठरा," शुक्रवारी हे म्हणाले. "तरी वेल काही देत नाही."

वाळकी फुलं काढत असतील, असं मी आजवर धरून चालले होते. पण अठरा? शनिवारी संध्याकाळी कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेले. कोपऱ्यात लाल डबा होताच. आत टवटवीत पांढरी फुलं, लांब देठांची.

"ही का वो तोडली?"

"त्यांच्या खाली दुधीच नाही. नुसतीच फुलतात. ज्यांच्या खाली बारका दुधी आहे, तेवढीच मी ठेवतो."

मी कपाळावर हात मारला. ह्यांचा जन्म कामगार वसाहतीतला, माझं माहेर कुरुळी गावातल्या शेतकऱ्याचं. "अवो, ही नर फुलं हायत! ह्यांचा पराग लागला तरच त्यो बारका दुधी धरतो, न्हाईतर पिवळा पडून गळतो."

"पण ह्यांच्यातून काही निघत नाही."

"न्हाई निघत. पर ह्यांच्याबिगर दुसऱ्यातूनबी निघत न्हाई."

मला वाटलं, आता माझ्यावरच खेकसतील. तर हे डब्याशेजारी मटकन बसले आणि एक फूल बोटांत फिरवत राहिले. चांगला टोमणा ओठांवर आला होता, पण ह्यांचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं की तो मी गिळला.

रविवारी मी मंडईतून आणलेला दुधी शिजवला. नवनाथ बोटं चाटत म्हणाला, "घरच्या भाजीची चवच वेगळी, जयसिंगभाऊ!"

मी मान डोलावली. पण एकतीस वर्षांत एकदाही खोटा माल पास न केलेल्या माणसाला कुठलं गप्प बसवतंय?

"मंडईतला आहे राव," हे म्हणाले. "आमच्या वेलीवरची काही फुलं उत्पादन देत नव्हती, म्हणून मी ती काढून टाकली. तर सगळं उत्पादनच थांबलं. मला कळायला महिना लागला." ह्यांनी आमटीची वाटी त्याच्याकडे सरकवली. "तुमच्या साहेबांना कळायला किती वेळ लागेल?"

नवनाथनं वाटीतली आमटी भातावर ओतून घेतली. मी त्याला आग्रह करून आणखी भाजी वाढली.