खालच्या गल्लीचा नकाशा

त्या रविवारी दुपारी वाचनालयात वर्तमानपत्रांची लांब टेबलं भिंतीकडे सरकवली होती आणि मधे खुर्च्या मांडल्या होत्या. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे असलेले तिघे समोर एका ओळीत बसले होते. एक दातांचे डॉक्टर, दुसरे हार्डवेअरचे दुकानदार आणि तिसरी नकाशाबाईंची धाकटी जाऊ, जिचं खालच्या गल्लीत शिवणाचं दुकान होतं. लोकांनी आपले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचे, ग्रंथपालांनी एकेक चिठ्ठी काढायची, आणि प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं. दोन मिनिटं झाली की घंटा.

घंटा नकाशाबाईंच्या हातात होती. घंटा वाजवणाऱ्याने मधे बोलायचं नाही, असा नियम होता.

"घरचीच घंटा!" हार्डवेअरवाले हसत म्हणाले. "म्हणजे आमची दोन मिनिटं दीड मिनिटात संपणार."

पहिल्याच प्रश्नाला, रस्त्यावरच्या दिव्यांच्या, नकाशाबाईंनी जावेला वाक्याच्या ऐन मध्यावर घंटा दिली. जावेने डोळे वटारले आणि हार्डवेअरवाले गप्प झाले.

नकाशाबाई हे नाव त्यांना पाणीखात्यात पडलं. एकतीस वर्षं त्या तिथे ट्रेसर, म्हणजे जुन्या नकाशांच्या नकला काढणाऱ्या, होत्या. काचेचं तिरपं टेबल, खाली दिवा, वर जुना कागद, त्याच्यावर नवा पारदर्शक कागद, आणि सुईसारख्या बारीक टोकाच्या पेनाने ओढलेली काळी रेघ. चूक झाली तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची, कागदाला भोक न पाडता. त्या काळात खात्यात कुणी काही विचारलं की साहेब म्हणायचे, "बाईंचा कागद काढा." शहराच्या एकेचाळीस गल्ल्यांचे एकेचाळीस कागद त्यांनी काढले होते. एका गल्लीला एक कागद. घरात त्यांच्या हातच्या स्वयंपाकाचं कौतुक कधी कुणी केलं नाही, पण नवरा असेपर्यंत पाहुण्यांना सांगायचा, "हिची रेघ बघा, केसासारखी."

चौथी चिठ्ठी निघाली. ग्रंथपालांनी चष्मा वर करून वाचली. "खालच्या गल्लीत तीन वर्षं गढूळ पाणी येतं. तुम्ही काय करणार?"

खोलीत खुर्च्या करकरल्या. याच प्रश्नासाठी बरेच जण आले होते.

डॉक्टर म्हणाले की आधी पाण्याची तपासणी करू, अहवाल मागवू. मागून एक म्हातारा ओरडला, "अहवाल पिऊ का मग?" डॉक्टरही हसले. हार्डवेअरवाले म्हणाले की सगळा पाइप उखडून नवा घालू. "पाइप तुमच्याच दुकानातून का?" पुन्हा तोच म्हातारा. ग्रंथपालांनी त्याला हाताने बसवलं.

मग जाऊ उठली. तिने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी दोन बोटं गाळ. नंतर एक गुंडाळी काढली आणि भिंतीवर चार टाचण्यांनी लावली. नकाशाबाईंनी आपला कागद चटकन ओळखला. नकलेतही त्यांचं अक्षर जसंच्या तसं उठलं होतं.

"हा खालच्या गल्लीचा नकाशा," जाऊ म्हणाली. "अर्ज करून मिळवलाय. ताईंनाही दाखवला नव्हता, म्हटलं आज सगळ्यांसमोरच. हा आमच्या ताईंनी काढलाय, आणि ताईंची रेघ चुकत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ही बघा गल्ली. पाण्याच्या टाकीकडून खाली येताना डाव्या हाताला, पार शेवटी, हा व्हॉल्व्ह. पाइपात साठलेला गाळ इथून सोडतात. दर दोन महिन्यांनी सोडायचा असतो. आता खात्याची वही बघा. तीन वर्षं एकच ओळ लिहिलीय. 'व्हॉल्व्ह सापडला नाही.' लोखंडी व्हॉल्व्ह आहे, मांजराचं पिल्लू आहे का न सापडायला?"

लोक खदखदून हसले. भिंतीला टेकून खात्याचा फिटर उभा होता. तिशीतला, बारीक अंगाचा माणूस. तो हसला नाही.

"ताई, आम्ही तीनदा खणलंय तिथे," तो जावेला म्हणाला. "छातीएवढा खड्डा केला. खाली नुसता दगड आहे."

"नकाशात आहे आणि जमिनीत नाही? मग गेला कुठे? एक तर तुम्ही खणलंच नाहीत, घरी बसून वही भरलीत. नाहीतर व्हॉल्व्ह कुणीतरी भंगारात घातला."

"मी खोटं लिहीत नाही."

"तुमची चौकशी चालूच आहे ना? उगाच चालू आहे का? मी निवडून आले तर पहिलं काम हेच, या माणसाला घरी पाठवायचं."

हार्डवेअरवाल्यांनी मान डोलावली. "यात मात्र आमचं एकमत."

डॉक्टरही म्हणाले, "कागदोपत्री तसं दिसतंय खरं." दुपारपासून पहिल्यांदाच तिघांचं कशावर तरी जमलं. टाळ्या पडल्या.

फिटरने खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

नकाशाबाई भिंतीवरच्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांना खात्याचा जुना चावीवाला आठवला, व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा. गुडघ्याएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गल्ल्या हिंडायचा, आणि आयुष्यात त्याने एकदाही नकाशा पाहिला नाही. "कागदावर चालून पाय दुखत नाहीत, बाई," असं म्हणायचा. थंडीत सकाळी त्याच्या सह्या घ्यायला त्या खालच्या गल्लीत जायच्या, तेव्हा तो व्हॉल्व्हच्या झाकणावर बसून डबा खात असायचा. मुद्दाम त्याच झाकणावर, कारण तिथे ऊन पडायचं. सही करताना डोळ्यांवर हात धरायचा. त्याच्या मागे न्हाव्याच्या दुकानाची पायरी. न्हाव्याचं दुकान कुठल्या बाजूला?

टाकीकडून येताना उजव्या. डाव्या बाजूला सकाळी सावली असते.

कागदावर व्हॉल्व्ह डाव्या बाजूला होता.

पुढचं सगळं त्यांना एकदम दिसलं, जसं काचेखालचा दिवा लावल्यावर दिसतं. ज्यावरून त्यांनी रेघ ओढली तो जुना कागदही पारदर्शकच होता, फाटका, पेन्सिलीचा. नावांची पट्टी कुणीतरी कापून टाकलेली. सरळसोट गल्ली, दोन्हीकडे अकरा-अकरा सारखी घरं. त्यांनी तो काचेवर पालथा ठेवला होता. टाकी वर ती वरच राहिली, फक्त डावं उजवं झालं. घरांचे क्रमांक त्यांनी मागाहून यादीवरून घातले, सुरेख अक्षरात. चावीवाला होता तोवर काही बिघडलं नाही, कारण त्याचे पाय बरोबर होते. तो गेल्यावर गल्लीचं काम नकाशावर चालायला लागलं.

जाऊ अजून बोलत होती. घड्याळात तिचं सव्वा मिनिट झालं होतं.

नकाशाबाईंनी घंटा वाजवली.

"अहो ताई, वेळ आहे अजून माझा!"

त्यांनी पुन्हा वाजवली आणि उभ्या राहिल्या.

"नकाशाबाई, तुम्हाला बोलता येणार नाही," ग्रंथपाल हलकेच म्हणाले.

"मग ही घंटा तुम्ही घ्या." त्यांनी ती त्यांच्यासमोर ठेवली. "हा माणूस खोटं बोलत नाहीये. तो कागद उलटा आहे. मीच काढला उलटा. व्हॉल्व्ह उजव्या बाजूला आहे, पूर्वी न्हावी बसायचा त्याच्या पायरीशी."

"ताई, बसा तुम्ही," जाऊ दबक्या आवाजात म्हणाली. "दमलात. ऊन लागलंय."

"ऊन नाही लागलं. चूक झालीय माझी."

"जावाजावांचं नाटक आहे हे!" हार्डवेअरवाले म्हणाले, पण त्यांना कुणी साथ दिली नाही. मागचा म्हातारा उठून उभा राहिला होता. "न्हाव्याची पायरी मला आठवते," तो म्हणाला. "झाकण होतं तिथे. आम्ही त्यावर गोट्या खेळायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरने पहार घेऊन न्हाव्याच्या जागेशी, म्हणजे आताच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानासमोर, फरशी उचकटली. दोन फरश्यांखाली झाकण निघालं. पाऊण तास तेल घालून चावी फिरली, आणि गटारात आधी काळं, मग चहाच्या रंगाचं पाणी बराच वेळ धो धो वाहिलं. अर्धी गल्ली बघायला जमली होती. डॉक्टर येऊन फिटरशी हात मिळवून गेले. जाऊ आपल्या दुकानाच्या दारात मोजपट्टी गळ्यात टाकून उभी होती. ती गर्दीत आली नाही.

पाणी निवळल्यावर नकाशाबाई तिच्या दुकानात गेल्या. जाऊ मशीनवर बसली होती. पायडल चालू होतं, कापड मात्र सुईखाली नव्हतंच.

"आठ महिने मी घरोघरी खात्याची चूक सांगत फिरले," ती म्हणाली. "आठ महिने. आता लोक म्हणतात, हिच्या घरातच चूक होती."

"चूक माझी होती. तुझी नाही."

"मतपत्रिकेवर तसं लिहिणार आहेत का? मला आधी घरी सांगायचंत, ताई."

"मला तरी कुठे ठाऊक होतं? भिंतीवर लावलास तेव्हा दिसलं."

"मग सभा संपल्यावर सांगायचंत. बाहेर. मी काढला असता काहीतरी मार्ग त्यातून."

"सभा संपल्यावर तू मला गप्प बसवलं असतंस."

जावेने पायडल थांबवलं. ती लबाड बाई नव्हती.

"हो," ती म्हणाली. "बसवलंच असतं."

तेवढ्यात फिटर दारात आला. हात तेलाने काळे, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, काखेत खात्यातल्या कागदांची गुंडाळी. चप्पल बाहेर काढून तो उंबऱ्याशीच थांबला. नकाशाबाईंना वाटलं, आभार मानायला आलाय, आणि त्या संकोचल्या. पण तो त्यासाठी आला नव्हता.

"बाई, एक विचारायचं होतं. बाकीचे चाळीस कागदही तुमचेच ना?"

"माझेच."

"त्यातले आणखी किती उलटे असतील?"

आयुष्यभर नकाशाबाईंना कुणी असलं विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही नाही. त्या स्टुलावर बसल्या.

"पायी बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "एकेक गल्ली. कागद हातात धरून."

"गुडघे बघा आधी तुमचे," जाऊ म्हणाली. "चढाच्या गल्लीत कोण नेणार तुम्हाला?" मग तिनेच गळ्यातली मोजपट्टी काढून खुंटीला अडकवली. "आज तीन गल्ल्या होतील. जास्त नाही. संध्याकाळी मला प्रचाराला जायचंय."

ती पुढे आणि नकाशाबाई मागे अशा निघाल्या. मागून कागदांची गुंडाळी घेऊन फिटर. पहिल्याच कोपऱ्यावर दुधाच्या दुकानातल्या बाईने हटकलं, "काय, मतं मागायला का सकाळी सकाळी?"

"नाही," जाऊ म्हणाली. "तुमच्या दारातलं झाकण कुठल्या बाजूला आहे, ते सांगा."