हौदावरचा पूल

शेवटचा मासा बद्रीनाथांनी पिठाच्या चाळणीने वर काढला, तेव्हा ऊन नुकतंच शेजारच्या गच्चीवर आलं होतं. मासा हलका लागला. त्यांनी तो बादलीत बाकीच्यांवर ठेवला आणि हौदाकडे पाहिलं. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं. पाण्यात सिमेंटचे नवे खांब उभे होते आणि त्यांच्यावर लोखंडी पट्ट्यांचा, हाताने रिव्हेट ठोकून केलेला छोटा रेल्वेचा पूल.

पूल सुरेख झाला होता. त्या घडीलाही हे त्यांना जाणवल्यावाचून राहिलं नाही.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लहान-लहान ठिकाणी स्टेशनमास्तर म्हणून काढली होती. दर बदलीला त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, लावलेली झाडं मागच्या क्वार्टरमध्ये राहून जात. निवृत्तीनंतर जालन्यात मंठा रोडला घर बांधलं, तेव्हा द्वारकाबाईंनी एकच गोष्ट मागितली होती: अंगणात एक हौद आणि त्यात मासे. हौद झाल्यावर दोघांनी मिळून तो कितीतरी वेळा भरला आणि उपसला. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, मासे जगत नाहीत, हे तेव्हापासून दोघांनाही माहीत होतं.

मग बद्रीनाथांची छोटी रेल्वे आली. आधी ती कंपाउंडच्या भिंतीलगत धावायची. नंतर मोगऱ्याचा वाफा गेला, आणि शेवटी रूळ हौदाच्या काठाशी येऊन थांबले.

द्वारकाबाई धाकट्या बहिणीच्या, शालूच्या, ऑपरेशनसाठी घनसावंगीला गेल्या आणि इकडे खांब ओतले गेले. मासे तेवढ्यापुरते ड्रममध्ये होते.

"मासे इतक्यात सोडू नका," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "मी आल्यावर पाहू."

"बराबर. तू कर तिकडचं."

पण रविवारी नोकरीतले जुने सोबती येणार होते. पुलावरून गाडी जातेय आणि खाली तांबडे मासे फिरताहेत, हे चित्र बद्रीनाथांच्या डोळ्यांपुढे कधीचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मासे सोडले. शनिवारी सकाळी ते सगळे वर तरंगत होते.

बादली त्यांनी पेरूच्या झाडाखाली रिकामी केली, माती थापली, वर वाळका पाला ओढला. हौद उपसला, घासला, खांबांना रंग दिला. रविवारी सकाळी पाणी भरून ते मस्तगडच्या दुकानात गेले आणि तेवढेच, तसेच मासे पिशवीत घेऊन आले.

द्वारकाबाई बसमधून उतरून घरी पोचल्या, तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुंजाराम नावाचे निवृत्त गार्ड घरून खरीखुरी हिरवी झेंडी घेऊन आले होते.

"या वहिनी, या! मास्तरांनी दुधना नदीवरचा पूल घरी आणून ठेवला की हो!"

द्वारकाबाई हसल्या. पिशवी पायरीवर ठेवून आत गेल्या आणि कणकेच्या गोळ्या घेऊन हौदाच्या काठावर येऊन बसल्या. त्यांनी पाण्यात हात घातला की मासे बोटांना ढुसण्या देत येत. सगळ्यांच्या पुढे शेपूट फाटलेला एक असायचा.

त्यांनी हात घातला. मासे झर्रकन पुलाखाली, पलीकडच्या कोपऱ्यात गेले. त्यांनी हात तसाच ठेवला. कणीक बोटांतून विरघळून गेली.

"गाडीच्या आवाजाला भ्याले असतील," बद्रीनाथ मागून म्हणाले.

"असंल." त्यांनी हात पदराला पुसला. "सगळ्यांचाच चहा टाकते. बिगर साखरेचा कोणाला?"

चहा झाला, पोहे झाले. पुंजारामांच्या आग्रहाखातर द्वारकाबाईंनी झेंडीही दाखवली. गाडी पुलावर चढली, खडखडत पलीकडे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्या दोघांचा पुलाशेजारी फोटो काढला. बद्रीनाथांनी बायकोकडे चोरून पाहिलं. ती सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होती.

पाहुणे गेले. बद्रीनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. कपबशा धुण्याचा आवाज येत राहिला.

"शालूची तब्येत?"

"बरी हाय."

आणखी एक बशी धुऊन झाली.

"कुठं पुरले?"

त्यांनी चौकटीला हात टेकला.

"पेरूखाली."

"सगळेच गेल्ते?"

"सगळे." ते घाईने पुढे म्हणाले, "मी दुसरे आणले ना. बिलकुल तसेच."

"पाह्यले."

"अगं, पाव्हणे येणार होते. हौद रिकामा कसा दिसला असता?"

द्वारकाबाईंनी नळ बंद केला. त्या फडक्याने ओटा पुसत राहिल्या; कोरडा झाल्यावरही पुसत राहिल्या.

त्यांनी भांडावं, असं त्या रात्री बद्रीनाथांना मनापासून वाटलं. ताट वाढलं गेलं, अंथरूण घातलं गेलं. सगळं रोजच्यासारखंच झालं.

सकाळी ते उठले तेव्हा पिशवी पुन्हा पायरीवर होती, आणि या वेळी तिच्याजवळ ट्रंकही होती. रिक्षावाला ट्रंक उचलत होता.

"हे काय?"

"शालूला उठबस होत न्हाई अजून. जाऊन राह्यले."

"काल तर बरी हाय म्हणालीस."

त्या चपला घालत होत्या.

"मंग येशील कधी?"

द्वारकाबाईंनी खांद्यावरचा पदर नीट केला. आवाज चढला नव्हता, डोळेही भरले नव्हते.

"पाव्हणे येणार असले की फोन करा," त्या म्हणाल्या. "चहा करायला यीन."

फाटक लावून घ्यायला बद्रीनाथ पुढे झाले. पण द्वारकाबाईंनी ते बाहेरून आधीच लावलं होतं.