शंख वाजल्यावर पळणारी बायको

संध्याकाळी शंख वाजला की सामोआतल्या त्या गावात पान हलत नसे. सगळे घरात बसून प्रार्थना करत आणि रस्त्यावर फक्त काठ्या घेतलेले पहारेकरी उरत. त्यांचा म्होरक्या उएले. प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर दिसेल त्याला दंड, मग तो सख्खा बाप का असेना. देवाने त्याच्या नशिबी नेमकी बायको पकडणं लिहिलं होतं.

भजन सुरू झालं की पिसिला लुंगी सावरत घरातून सुटायची, ती थेट रस्त्यापलीकडच्या संडासाकडे.

"थांब! माझी अब्रू जाते!"

"तुझी अब्रू राहू दे, आधी मला जाऊ दे!"

रोज तेच. रोज दंडाची मासळीच्या डब्यांची पेटी पंचांकडे जायची. पंच ती वाटून खायचे, आणि आता त्यांनाही मासळीचा वीट आला होता.

"अगं, पाणी कमी पी की," म्हातारे पंच तुईलोमा शेवटी वैतागून म्हणाले.

"काका, घशाला कोरड पडते हो. बादली संपते, तहान काही संपत नाही."

उएलेचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला बसमध्ये कोंबलं आणि शहरातल्या डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. "हिचा नळ तेवढा आवळून द्या."

बाईंनी मागे तिच्या स्तनाच्या कॅन्सरवर उपचार केले होते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डोक्याचा फोटो काढून घेतला आणि दोघांना समोर बसवलं. तो कॅन्सर पसरून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत पोचला होता, म्हणून अंगात पाणी टिकत नव्हतं. ग्रंथी वाटाण्याएवढी.

"वाटाण्यानं एवढा पूर?" उएलेने विचारलं.

"पूर औषधाने थांबेल. कॅन्सरशी लढू, पण वचन देत नाही."

परतताना बसमध्ये उएले औषधाची पुडी मांडीवर धरून बसला होता.

"आजारपणातला दंड धरत नाहीत," पिसिला म्हणाली. "डबे परत माग."

"पंचांनी खाल्ले ते."

"मग ढेकर तरी परत माग."

त्याला हसू आलं नाही.

संध्याकाळी शंख वाजला. उएले काठी टेकून घराकडे बघत उभा राहिला. भजन झालं, प्रार्थना सुरू झाली, पण पिसिला काही बाहेर पडेना. बायको एकदाची शिस्तीत बसली म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. काठी टाकून तो भर रस्त्यातून धावत सुटला. खिडक्याखिडक्यांतून गाव बघत होतं.

पिसिला चटईवर डोळे मिटून बसली होती. तिने एक डोळा उघडला. "काय रे, आता तुला लागली?"

"तू पळाली नाहीस," तो धापा टाकत म्हणाला.

"औषध घेतलंय ना. वेड्या, मग रडतोस कशाला?"

बाहेरून एक पहारेकरी ओरडला, "उएले, दंड पडला रे!"

"पडू दे," उएले म्हणाला. प्रार्थना संपली, रस्ता माणसांनी भरला, तरी त्याने तिचा हात सोडला नाही.