दोन उंबऱ्यांच्या मधली थंड पेटी

मित्रांनो, माझं नाव काढलंत की घरातलं मोठं माणूस लगेच दटावेल, "भरल्या घरात नको ते बोलू नये." त्यांचं खरंच आहे. मी एक जुनी थंड पेटी आहे. लांबचं लेकरू घरी पोहोचेपर्यंत गेलेल्या माणसाला ज्या पेटीत ठेवतात, ती मी. वर काच, आत पत्रा, पायथ्याशी घरघरणारं यंत्र आणि एक लांबलचक वायर, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझ्या शेजारीच कुल्फीच्या पेट्या तयार होत होत्या. पत्रा तोच, यंत्र तेच, गारवाही तोच. त्यांच्यावर रंगीत चित्रं चिकटवली आणि त्या बाजारात गेल्या. मला मात्र वारंगा फाट्यावर शिवशंकरच्या मंडपाच्या दुकानात आणून टाकलं. पुढे लग्नाच्या खुर्च्या आणि नवरदेवाचा सोफा, आणि मी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. लग्नाच्या गिऱ्हाइकाची नजर माझ्यावर पडायला नको ना! मला उचलताना माणसं अंग चोरायची आणि ठेवल्यावर हात धुवायची. लाज वाटायची, पण सांगते कुणाला?

तरी काम मी इमानानं केलं. एकदा सैन्यातला एक पोरगा लांबून आला, आईचं तोंड डोळे भरून पाहिलं आणि जाताना माझ्या काचेवर हात ठेवून म्हणाला, "उपकार झाले." शिवशंकरही चारचौघांत सांगायचा की ही पेटी आपण धंद्यासाठी नाही, पुण्यासाठी ठेवली आहे. ते ऐकून मी फुगायचे. वाटायचं, गेलेल्या माणसाची अब्रू आपण राखतो. हा माझा तोरा गेल्या चैत्रात पार उतरला.

कळमनुरीकडच्या एका गावात संतराम नावाचे म्हातारे होते. बायको आधीच गेलेली. थोरला लेक विश्वंभर, धाकटा भागवत. एकाच अंगणात समोरासमोर दोघांची घरं. दोन चुली, दोन विजेचे मीटर, सगळं रीतसर वाटलेलं. राहिला बाप. त्याचे काही दोन तुकडे करता येत नव्हते, म्हणून महिन्या-महिन्याची पाळी लावली. दर आवसेला म्हाताऱ्यानं गठुडं काखेत मारायचं, एक उंबरा उतरायचा, अंगण ओलांडायचं आणि दुसरा उंबरा चढायचा. गावात बऱ्याच घरी असंच चालतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. नागपूरला दिलेली लेक निता किती वेळा म्हणाली, माझ्याकडं चला. पण लेकीच्या दारात जाऊन राहणं म्हाताऱ्याला पटलं नाही.

त्या आवसेला म्हातारबा पहाटेच थोरल्याच्या घरातून निघाले आणि धाकट्याच्या घरी पोहोचलेच नाहीत. अंगणाच्या मधोमध हौदाच्या कठड्यावर टेकले ते टेकलेच. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेजारच्या द्वारकाबाईंनी हाक मारली. ओ नाही. जवळ जाऊन पाहिलं तर सगळं आटोपलेलं.

निताला फोन गेला. ती रडत एवढंच बोलली, की आबाचं तोंड बघितल्याबिगर उचलू नका, दिवस मावळायच्या आत मी पोहोचते. म्हणून मला बोलावणं आलं. शिवशंकरनं मला टेम्पोतून अंगणात उतरवलं, म्हातारबांना आत निजवलं आणि वायरचं टोक हातात धरून विचारलं, "बटन कुठंय?"

विश्वंभर म्हणाला, "भागवतकडं लाव. आज आवस. त्यानं माझा उंबरा सोडला व्हता."

भागवत म्हणाला, "माझ्या उंबऱ्याला कुठं पाय लागला त्याचा? तुझ्या घरून निघालेलं माणूस, तुझ्याच मीटरवर लाव."

मित्रांनो, चैत्राचं ऊन, काचेखाली बाप आणि वर हा वाद! शिवशंकर वायर धरून नुसता उभा. कधी याच्या तोंडाकडं बघतो, कधी त्याच्या. अखेर द्वारकाबाईंनीच आपल्या खिडकीतून वायर दिली, तेव्हा कुठे माझं यंत्र सुरू झालं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पण खरी शोभा पुढेच होती. भावकीतले एक वयस्कर गृहस्थ पान लावता लावता सहज बोलून गेले, की आपल्यात जुनी रीत आहे, ज्याच्या घरून म्हातारं माणूस उठलं आणि ज्यानं अग्नी दिला, म्हाताऱ्याच्या नावचा तुकडा त्याचा. संतरामच्या नावावर विहिरीलगतचा हळदीचा तुकडा होता. बारमाही पाण्याचा.

झालं! आत्तापर्यंत वळचणीला बसलेले दोघे लेक एकदम उठले. विश्वंभर आपल्या घरातून लांब वायरचा बोर्ड घेऊन धावत आला. म्हणाला, बाप माझ्या घरून उठला, पेटी माझ्याच मीटरवर चालंल. भागवतही बोर्ड घेऊन आला. त्याचं म्हणणं, आवस उजाडली की पाळी माझी, बाप माझाच. दोघी सुनांनाही तेव्हाच रडू फुटलं, आणि एकीपेक्षा दुसरीचा आवाज मोठा. मला एकजण या दाराकडं ओढतो, दुसरा त्या दाराकडं. आत म्हातारबा बिचारे इकडून तिकडं हलतायत. जित्तेपणी महिन्याला एक फेरी व्हायची. आता घटकेत चार झाल्या. त्या ओढाताणीत द्वारकाबाईंची वायर उपटली, दोन्ही बोर्डांची झटापट झाली, ठिणगी उडाली आणि अख्ख्या गल्लीची लाईट गेली.

माझं यंत्र थांबलं. लेक येईपर्यंत बापाचा चेहरा जपायचा, एवढंच माझ्याकडं काम होतं, आणि तेही माझ्याच्यानं होईना. काचेला आतून वाफ धरली. म्हाताऱ्याचं तोंड दिसेनासं झालं. इतक्या घरांत गेले, इतकी रडणी ऐकली, पण असं तोंड लपवावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात निता आली. दोघे भाऊ तिच्या गळ्यात पडले आणि हुंदक्या-हुंदक्यात आपापल्या मीटरचीच हकीकत सांगू लागले. तिनं त्यांना हळूच बाजूला केलं. पदरानं काच पुसली. वाफ आतून होती, ती कशी पुसली जाणार? तिनं माझं झाकणच उचललं. चेहरा शाबूत होता. तिनं तो पोटभर पाहिला. मग पायाशी बसली आणि थंडीनं गारठलेल्या माणसाचे चोळावेत तसे बापाचे तळपाय चोळू लागली. चोळता चोळता वर न बघताच तिनं विचारलं,

"आज सकाळी आबाला च्या कुणी दिला?"

थोरल्या सुनेनं धाकटीकडं पाहिलं, धाकटीनं थोरलीकडं. थोरलीनं महिना सरला म्हणून म्हाताऱ्याचा कप मांडलाच नव्हता. धाकटीनं म्हातारा अजून आला नाही म्हणून मांडला नव्हता. दोन्ही घरांची दारं उघडी होती, दोन्हीकडून तो कठड्यावर बसलेला दिसत होता, आणि दोन्ही घरांना वाटत होतं की तो तिकडचा चहा पिऊन बसलाय. विश्वंभरनं हातातला बोर्ड खाली ठेवला. भागवतनंही. द्वारकाबाईंनीही मान फिरवली.

निता म्हणाली, "वावराचं तुमी काय करायचं ते करा. मला एवढंच इचारायचं व्हतं."

मयत उचलायच्या आधी घरात चूल पेटवत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पण त्या दिवशी दोन्ही घरांत गॅस पेटला आणि कुणीही अडवलं नाही. तिरडी बांधून होईस्तोवर माझं झाकण पुन्हा लावलं होतं. थोरली आपल्या दारातून आली, धाकटी आपल्या दारातून. दोघींनी माझ्या काचेवर, म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ, एकेक कपबशी ठेवली. मी जन्मभर गारच राहिले, मित्रांनो. त्या दोन कपांचा चटका मला सोसवला नाही.

अग्नी पुढे दोघांनी मिळून दिला म्हणे. तुकड्याचं घोंगडं अजून भिजतच आहे. मी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असते, तिथं येता-जाता बोललेलं कानावर येतं.

तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर आज त्याची पाळी कुणाकडं आहे ते विचारू नका. चहा झाला का, ते विचारा. विचारायचं राहून गेलं, तर गार ठेवायला मी आहेच.