अकरा नंबरची कोंबडी

नोरीन प्रेंटिसच्या परसात पंधरा कोंबड्या होत्या आणि त्यांतली एकही अंड्यासाठी पाळलेली नव्हती. त्या सरकारी कोंबड्या. त्यांचं काम एकच, डासांकडून चावून घ्यायचं. मरे नावाच्या नदीकाठच्या त्या गावाला दर उन्हाळ्यात मेंदूज्वराचा धसका असे, आणि माणसं आजारी पडण्याआधी कोंबडीच्या रक्तात त्याची खूण दिसे. म्हणून दर सोमवारी सकाळी नोरीन एकेकीला काखेत धरून पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त काढी आणि नळ्या बर्फात घालून शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवी. एकोणीस वर्षांत तिचा एक सोमवार चुकला नव्हता, नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही. लोक हसत, पण हसणाऱ्यांचं काय जातं? एकट्या बाईला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं, आणि तिचं कारण त्या खुराड्यात होतं.

त्या उन्हाळ्यात कोल्ह्याने दोन कोंबड्या नेल्या. प्रयोगशाळेने नव्या दिल्या, पण सोबत चिठ्ठी आली की आणखी एक गेली तर खुराडं दुसऱ्या गावाला देऊ. आणि जानेवारीच्या उकाड्यात (जानेवारी म्हणजे तिकडे भर उन्हाळा), एका रविवारी, अकरा नंबरची कोंबडी मरून पडली.

असं झालं की लगेच कळवायचं आणि तपासलेली नवी कोंबडी येईपर्यंत थांबायचं, असा नियम होता. नोरीनने कळवलं नाही. ती शेजारच्या डार्सीकडे गेली. डार्सी म्हणजे नदीच्या जुन्या पात्राकाठी एकटा राहणारा सडाफटिंग म्हातारा. त्याने एका शब्दाने काही न विचारता आपली तांबडी कोंबडी तिच्या हातात दिली. नोरीनने मेलेलीच्या पायातलं नंबराचं वाळं तांबडीच्या पायात चढवलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं रक्त अकरा नंबरच्या नळीत भरलं.

आठवडाभरात डार्सी तापाने फणफणला आणि इस्पितळात पडला. ताप उतरला, पण माणूस काही ताळ्यावर येईना. माहीत असलेल्या सगळ्या रोगांच्या तपासण्या झाल्या, कशातच काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, डोकं चालायचं थांबलंय. त्याची पुतणी तीनशे किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खोली बघायला लागली.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतून टॅम्सिनचा फोन आला. नोरीनच्या नळ्या तपासणारी ही पोरगी कामाला चोख होती.

"नोरीन, अकराच्या रक्तात काहीतरी आहे, आणि ते आमच्या यादीतल्या कशाशीच जुळत नाही. पण आदल्या सोमवारी ती अगदी स्वच्छ होती. रक्तातली खूण एका आठवड्यात इतकी चढत नाही. आमच्याकडेच नळी बिघडली असणार, मी नमुना रद्द करतेय. त्या आठवड्यात काही वेगळं घडलं होतं का?"

"नाही," नोरीन म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला जेवण गेलं नाही. दुपारी ती इस्पितळात गेली. डार्सी तिलाच आपली आई समजत होता, पाऊस थांबला का म्हणून विचारत होता. बाहेर तर रणरणतं ऊन. मग एकाएकी त्याने तिची बाही धरली.

"तांबडी खाते ना गं नीट?"

तांबडीला आणि डार्सीला एकाच पाण्यावरचे डास चावले होते, आणि हे जगात एकट्या नोरीनलाच माहीत होतं. ती तशीच उठली आणि व्हरांड्यातून फोन लावला.

"टॅम्सिन, मी तुझ्याशी खोटं बोलले. ती अकरा नव्हेच. अकरा मेली, मी दुसरी कोंबडी घातली."

"कुठली?" एवढंच टॅम्सिनने विचारलं.

"डार्सीची. आणि तो इथे वॉर्डात पडलाय, कशाने ते कुणालाच कळत नाही."

तिसऱ्या दिवशी जुन्या पात्राकाठी डास पकडायचे सापळे लागले. तिथल्या डासांत एक विषाणू सापडला, तोवर कुणीच न पाहिलेला, ज्याला अजून नावही नव्हतं. तांबडीच्या रक्तात त्याचीच खूण होती आणि डार्सीच्याही. औषध नव्हतंच. पण हे म्हातारपण नव्हे, मेंदूची सूज आहे, हळूहळू उतरेल, असं डॉक्टर आता म्हणू लागले. पुतणीने खोलीचा विचार सोडला. एप्रिलपर्यंत डार्सी नोरीनला नोरीन म्हणायला लागला.

नियम मात्र नियम. खुराडं न्यायला टॅम्सिन स्वतः आली. तिचे डोळे भरून आले, तेव्हा नोरीननेच तिला दटावलं, की तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी नेलं असतं. गाडी गेल्यावर मात्र ती रिकाम्या खुराड्यापाशी बसून पोटभर रडली.

पुढच्या सोमवारी सवयीने पहाटेच जाग आली. करायचं काय? एवढ्यात दारात डार्सी, काठी टेकत, आणि मागे गावची नर्स. नवा रोग म्हणून प्रयोगशाळेला त्याचं रक्त दर आठवड्याला हवं होतं, आणि नळी बर्फात बांधून वेळेवर पाठवायला टॅम्सिनने नोरीनचंच नाव सुचवलं होतं.

नर्सने रक्त काढलं. डार्सीने पाय पुढे केला.

"वाळं घालतेस ना? अकरा नंबर रिकामा आहे म्हणे."

नोरीनने त्याच्या पायावर चापट मारली. मग चष्मा चढवून नळीवरच्या चिठ्ठीत डार्सीचं नाव आणि त्याच्या घराचा पत्ता लिहिला, सगळा, एकही अक्षर न गाळता.