पुढच्या बुधवारपर्यंत

पंधरा वर्षांची पोरगी खुर्चीत आडवी झाली, आरशात तिच्या वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू दिसली आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा आणखी जवळ ओढला. गोड खाऊन दात असे आतून झिजत नाहीत, हे पोटातून वर येणाऱ्या आंबट पाण्याचं काम! त्यांनी आईला बाहेर बसवलं, हातमोजे काढले, खुर्ची सरळ केली.

"जेवल्यावर उलटी काढतेस ना, बाळा?"

पोरगी आधी ठाम नाही म्हणाली, मग घळाघळा रडली. रोज, घशात बोटं घालून. वर्गात तिला 'रणगाडा' म्हणत.

"आईला सांगू नका हो. ती मावशीला सांगेल, मग गावभर होईल."

"पुढच्या बुधवारी आपण दोघी मिळून सांगू. यावर इलाज करणाऱ्या डॉक्टर आहेत माझ्या ओळखीच्या. तोवर माझ्या तोंडून शब्द निघणार नाही."

"नक्की?"

"अगं, नक्की!"

बाई मनाच्या चांगल्या, पण वीस वर्षांची सवय मेली वाईट. पेशंटला दारापर्यंत सोडताना त्या पाढे म्हटल्यासारख्या सूचना द्यायच्या. आताही नजर पुढच्या पेशंटच्या एक्स-रेवर आणि तोंड आपलं चालूच. "मऊ ब्रश वापरा. फार आंबट नको. उलटी झाली की लगेच ब्रश करायचा नाही, नुसत्या पाण्याने चूळ भरायची."

"उलटी? कसली उलटी?" आई म्हणाली.

बाईंनी जीभ चावली. आता चावून काय उपयोग! आईच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. तिने पाच पेशंटांसमोर पोरीचा दंड धरला. "कोण आहे तो? बोल!"

बाईंनी दोघींना आत ओढलं, अर्धा तास समजावलं. आईचा तो संशय फिटला, पण रागाचं काय? "मी राब राब राबून खायला घालते आणि ही ओकून टाकते!"

पोरीने बाईंकडे एकदाही पाहिलं नाही.

बुधवारी कोणी फिरकलं नाही. चार महिन्यांनी दाढ ठणकली तेव्हा मायलेकी आल्या. "बंद केलं मी सगळं," आई फुशारकीने म्हणाली, "बाथरूमची कडीच काढून टाकली." तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली.

बाईंनी आरसा आत घातला. दात आणखी झिजले होते.

"अजून होतं ना गं?" त्या हळूच म्हणाल्या. "मला तरी सांग."

पोरगी छताकडे बघत राहिली. "आईलाच विचारा की. तुम्ही तिला सगळं सांगता, ती तुम्हाला सांगेल."